शरणपूरचा आफ्रिकी इतिहास पुसू देऊ नका

नाशिककरांनो, शरणपूर रोड तुमच्या रोजच्या पायाखालचा आहे. तिथली दुकानं, दवाखाने, क्लासेस आणि संध्याकाळची वाहतूककोंडी तुमच्या अंगवळणी पडली आहे. पण हा रस्ता ज्या वस्तीचं नाव सांगतो, त्या वस्तीत एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून पळवलेली, गुलाम म्हणून विकली गेलेली आणि समुद्रावर सुटका झालेली मुलं-मुली राहत होती. ती इथं लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, मोठी झाली. त्यांच्यातली बरीच जण पुढे आफ्रिकेत परतली आणि काहींनी तिथल्या गुलामीशी थेट झुंज घेतली. इतिहासकार त्यांना ‘नासिक बॉइज’ आणि ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या नावांनी ओळखतात. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये त्यांच्यावर प्रदर्शन भरवलं. केनियातल्या मोम्बासाजवळ त्यांच्या वस्तीची घंटा आजही जपलेली आहे. ज्या नाशिकचं नाव त्यांच्या ओळखीला कायमचं चिकटलं, त्या नाशकातल्या एखाद्या शाळकरी पोराला त्यांच्याबद्दल विचारून पाहा.

हा इतिहास वाचवायला हवा. कागदावरचा, दगडावरचा आणि माणसांच्या बोलण्यातला, तिन्ही ठिकाणचा. तो का वाचवायचा आणि कसा, एवढंच या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी आधी ती माणसं कोण होती ते पाहू.

एकोणिसाव्या शतकात न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावीच्या, परिसरातली गावं लुटली जात. पकडलेल्या माणसांच्या रांगा किनाऱ्यावरच्या किल्वाकडे चालवत नेल्या जात आणि तिथून गलबतांनी झांजिबारला. काही जण झांजिबारच्या लवंगांच्या बागांत खपत, काहींना अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे विकलं जाई. या व्यापारावर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश युद्धनौका गलबतं पकडत आणि त्यातल्या लोकांना एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबईच्या बंदरात उतरवत. सुटका केलेल्या माणसांच्या संख्येवर नौदलाच्या खलाशांना बक्षिसाची रक्कम मिळे, हेही इथंच नोंदवून ठेवू.

मुंबईत उतरलेल्यांचं पुढे काय? पोलिसांच्या देखरेखीखाली त्यांची वाटणी होई. कुणी घरकामाला, कुणी बंदरावर, कुणी बोटींवर. लहान मुलं मिशनच्या हवाली केली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी केली होती. तिथं या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालू लागला. त्यांना नवी नावं मिळाली. बरीचशी नावं मिशनच्या युरोपीय मंडळींची आणि देणगीदारांची होती: वेनराइट, वेलिंग्टन, प्राइस, गार्डनर. चेंग्विम्बे नावाचा याओ जमातीतला एक मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्याचं मूळ नाव निदान नोंदलं गेलं. असंख्य मुलांच्या बाबतीत तेही झालं नाही.

१८६४ मध्ये ब्रिटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन स्वतःची छोटी आगबोट घेऊन झांजिबारहून मुंबईला आले. त्यांच्यासोबत चुमा नावाचा मुलगा होता. १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेल्यांपैकी तो एक. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत तो शिकला. १८६६ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन अखेरच्या मोहिमेसाठी मुंबईहून निघाले, तेव्हा चुमासोबत शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्या तुकडीत होते. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीला माणसं धाडली गेली, त्यांतही नाशकात शिकलेल्यांची दुसरी फळी होती: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टनचं निधन झालं. जवळ एकही युरोपीय माणूस नव्हता. पुढे काय करायचं हे या आफ्रिकी लोकांनी आपापसांत बसून ठरवलं. काळीज तिथल्याच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. उरलेला देह मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून ते किनाऱ्याकडे निघाले. दीड हजार किलोमीटरांहून लांब वाट होती. साथी होत्या, भुका होत्या, प्रेत नेताना दिसलं तर अडवणारी गावं होती. वाटेत भेटलेल्या कॅमरॉन या ब्रिटिश अधिकाऱ्याने देह तिथंच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला, समुद्रकाठी पोचले.

तिथं ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बहुतेकांचा पगार चुकता करून त्यांना वाटेला लावलं. देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला तो एकटा जेकब वेनराइट. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. ॲबीच्या फरशीत आजही लिव्हिंग्स्टनची शिळा आहे. देह विश्वासू हातांनी आणला, असं ती सांगते. ते हात कुणाचे, हे मात्र तिच्यावर नाही. सगळा साम्राज्यशाही इतिहास असाच लिहिला गेला आहे. गोऱ्या प्रवाशाला नाव, आडनाव, पुतळा. काळ्या माणसाला इमानदारीचं प्रशस्तिपत्र. ज्यांनी निर्णय घेतला, सल्ला धुडकावला, माणसं सांभाळली आणि वाट काढली, ते त्या इतिहासाच्या लेखी नुसते नोकर.

पण जेकब वेनराइटकडे एक गोष्ट होती जी कुणाला काढून घेता आली नाही. तो लिहीत होता. त्याने इंग्रजीत ठेवलेल्या डायरीचं जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापलं गेलं. मूळ हस्तलिखित मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलं आणि २०१९ मध्ये कुठे ते सर्वांसाठी ऑनलाइन खुलं झालं. नाशकात अक्षरं गिरवलेल्या एका आफ्रिकी तरुणाच्या हातची ही डायरी आहे. जगभरचे अभ्यासक ती वाचतात. आपल्या विद्यापीठांत, आपल्या भाषेत तिच्यावर बोललं जायला हवं होतं. ते अजूनही करता येईल.

लिव्हिंग्स्टनच्या गोष्टीपाशी थांबलो, तर ती पुन्हा त्या शिळेसारखीच अर्धी राहील. नाशिकच्या आफ्रिकी लोकांचं खरं मोठेपण त्यापलीकडे आहे.

१८६४ मध्येच विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेम्लर हे बॉम्बे आफ्रिकन मोम्बासाजवळच्या राबाईला गेले होते. १८७५ च्या सुमारास विल्यम प्राइस यांनी मोम्बासा बेटासमोर फ्रिअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती वसवली आणि तिची पायाभरणी करायला नाशिकहून व मुंबईहून शंभराहून अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष तिथं नेले. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, प्रचारक, सगळं तेच होते. गुलाम पकडणारे येताना दिसले की वस्तीची घंटा वाजवून माणसांना सावध करत, असं तिथं सांगतात.

या माणसांनी मिशनच्या युरोपीय अधिकाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. आपण शिकलेले आहोत, हुन्नरी आहोत, तर पगार आणि मान बरोबरीचा हवा, असं ते म्हणत. मिशनऱ्यांच्या पत्रांत यावर ‘उर्मट’ असा शेरा सापडतो. फ्रिअरटाउनच्या युरोपीय प्रमुखाने वस्तीतल्या लोकांना फटक्यांच्या शिक्षा दिल्या, तेव्हा तक्रार ब्रिटिश वकिलातीपर्यंत गेली आणि १८८१ मध्ये चौकशी झाली. गुलामीतून सोडवलं म्हणून आयुष्यभर हात जोडून उभं राहायचं, हा करार त्यांना मंजूर नव्हता.

विल्यम जोन्सने तर त्याहून पुढचं पाऊल टाकलं. तो राबाईचा पाळक होता. १८८५ मध्ये त्याला आणि सेम्लरला चर्चची दीक्षा मिळाली. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊ लागले. त्यांना आसरा देणं म्हणजे मालकांशी वैर आणि मिशनला अडचण. युरोपीय मिशनरी कचरत होते. जोन्सने दार उघडं ठेवलं. पळून आलेल्यांची संख्या वाढत गेली, मालक चवताळले, वस्तीवर हल्ला होण्याची वेळ आली. शेवटी पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश कंपनीने मालकांना पैसे देऊन तोडगा काढला आणि १८८९ च्या आरंभी चौदाशेहून अधिक माणसांच्या हाती मुक्ततेची पत्रं पडली. लक्षात घ्या, भरपाई मालकांना मिळाली. ज्यांची वर्षं लुटली गेली त्यांना नाही. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यानेही हेच केलं होतं. दोन कोटी पौंड गुलामांच्या मालकांना दिले आणि त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते.

ज्याच्या नावावरून फ्रिअरटाउन हे नाव आलं, त्या सर बार्टल फ्रिअरकडेही जरा पाहू. तो आपल्याला परका नाही. साताऱ्याच्या दरबारी तो रेसिडेंट होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे वारल्यावर त्याने दत्तक वारसाच्या बाजूने मत दिलं. डलहौसीने ते बाजूला सारून सातारा खालसा केलं, आणि फ्रिअर त्याच साताऱ्याचा कमिशनर झाला. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला झांजिबारला पाठवलं. १८७३ च्या ५ जूनला सुलतान बर्गशला करारावर सही करावी लागली आणि झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. इथपर्यंत मुक्तिदाता फ्रिअर. पाचच वर्षांनी तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर होता. १८७८ च्या डिसेंबरात त्याने झुलू राजा सेत्शवायोला मान्य करता येणार नाही असा निर्वाणीचा खलिता धाडला आणि १८७९ मध्ये झुलू राज्यावर युद्ध लादलं. हजारो झुलू मारले गेले, राज्य मोडलं.

एकाच माणसाने एका आफ्रिकेत बाजार बंद केला आणि दुसऱ्या आफ्रिकेत राज्य बुडवलं. याला विसंगती म्हणून सोडून देऊ नये. साम्राज्याला गुलामीविरोध हा हस्तक्षेपाचा परवाना म्हणून उपयोगी पडत होता. गुलामांचा व्यापार थांबवायला आलेल्या सत्तेने पूर्व आफ्रिकेत आपलं राज्यच वसवलं. झांजिबारमध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता १८९७ पर्यंत टिकली आणि केनियाच्या किनाऱ्यावर १९०७ पर्यंत. मुंबईत फ्रिअर रोडचा पी. डिमेलो रोड झाला, हे चांगलंच झालं. पण पाटी बदलली की इतिहास कळतो असं नाही. फ्रिअरने जे मोडलं ते आणि त्याच्या नावाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी जे उभं केलं ते, दोन्ही वेगवेगळं वाचता आलं पाहिजे.

१८७३ हे साल आपण महाराष्ट्रात दुसऱ्या कारणाने ओळखतो. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा व्यक्त केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुण्यातून अटलांटिकपलीकडच्या गुलामांची वेदना ओळखली जात होती, तेव्हा दोनशे किलोमीटरांवरच्या नाशकात आफ्रिकेतून सुटून आलेली जिवंत माणसं राहत होती. तिथून पुढे एक धागा निघतो. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नावही घेतलं आणि बाणाही. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीची भाषा महाराष्ट्राने परदेशातून उसनी आणली, असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, त्या मुक्तीचा एक अध्याय शरणपूरलाच लिहिला गेला.

इतिहासाकडून शिकायचं तर तो आपल्या सोयीने कापून घेता येत नाही. त्यात आपलाही हिशेब आहे. झांजिबारच्या जकातीचा मक्ता बरीच वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. आफ्रिकेच्या आत जाणाऱ्या तांड्यांना भारतीय सावकार भांडवल पुरवत आणि हस्तिदंत मुंबईच्या बाजारातून पुढे जाई. त्याहून मागे गेलो, तर पेशवेकाळच्या कागदांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. पोर्तुगिजांच्या गोव्यात आफ्रिकी गुलाम विकले जात. दुसऱ्या बाजूला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तिथं नहर खेळवली आणि जहांगिराच्या फौजांना दख्खनेत जेरीस आणलं. त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींनी समुद्रावर दीर्घकाळ सत्ता चालवली. आफ्रिका आपल्या इतिहासात मालक, गुलाम, सेनापती आणि शिक्षक अशा सगळ्या रूपांत आहे. आणि तरीही आज पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाला घर मिळत नाही, रस्त्यात त्याच्याकडे टक लावून पाहिलं जातं, ‘हबशी’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. ज्या समाजाला स्वतःच्या गावात वाढलेले आफ्रिकी आठवत नाहीत, त्याला शेजारी राहायला आलेला आफ्रिकी परग्रहावरचा वाटतो, यात नवल काय?

काही जण विचारतील, हा तर मिशनऱ्यांचा इतिहास, तो आपण का जपायचा? उत्तर सरळ आहे. मिशनऱ्यांचा इतिहास मिशनऱ्यांनी भरपूर जपला आहे. चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात नीट लावून ठेवलेली आहेत. आपल्याला जपायचा आहे तो मुलांचा इतिहास. त्यांचं धर्मांतर त्यांना विचारून झालं का, हाही प्रश्न या इतिहासाचाच भाग आहे आणि तो विचारण्यासाठी कागद शिल्लक राहावे लागतात. काही म्हणतील, माणसं मूठभर होती. असतील. पण जोन्सने दार उघडं ठेवलं, तेव्हा त्यामागून शेकडो माणसं आत आली.

आणि हे काम आत्ताच का? कारण असा इतिहास एका दिवसात नष्ट होत नाही, तो भिंतीच्या पोपड्यासारखा थोडाथोडा गळतो. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या वह्या कसरीच्या तोंडी पडतात. कबरीवरची अक्षरं पावसाने पुसट होतात. सिंहस्थ जवळ आला की शहरात रस्ते रुंदावतात आणि जुन्या भिंती-कुंपणं जातात. आजी-आजोबांकडून ऐकलेलं सांगणारी पिढी मावळते. जे अजून हाती आहे ते नोंदवून घ्यायला आपल्याकडे फार काळ नाही.

म्हणून मागण्या मांडतो.

पहिली मागणी नाशिकच्या चर्चना आणि धर्मप्रांताला. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदवह्यांचं छायांकन करू द्या. मूळ वह्या तुमच्याच ताब्यात राहतील, फक्त त्यांच्या प्रती अभ्यासकांसाठी खुल्या करा. दफनभूमीतल्या जुन्या शिळांचा नकाशा आणि वाचन एकदा नीट होऊ द्या.

दुसरी मागणी विद्यापीठाला आणि नाशिकच्या महाविद्यालयांना. इतिहास विभागांनी शरणपूर हा प्रकल्प म्हणून घ्यावा. मुंबईच्या महाराष्ट्र अभिलेखागारात सुटका केलेल्या आफ्रिकी लोकांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार शोधावा, १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमधली शरणपूरची माहिती त्याच्याशी पडताळावी, बर्मिंगहॅमहून प्रती मागवाव्यात. मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून जेकब वेनराइटच्या डायरीचं टिपांसह मराठी भाषांतर करावं. एका चांगल्या विद्यार्थिगटाला हे काम दोन वर्षांत जमण्यासारखं आहे.

तिसरी मागणी महानगरपालिकेला. शरणपूर परिसरात दर्शनी जागी एक फलक उभारा. मराठी, स्वाहिली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. त्यावर कुणा गव्हर्नराचं किंवा मिशनऱ्याचं नाव पहिलं नको. चेंग्विम्बे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन, जेकब वेनराइट, कॅरस फरार, विल्यम जोन्स, ही नावं पहिली असू द्या. त्यांच्याखाली ज्यांची नावं सापडत नाहीत त्या मुला-मुलींचा उल्लेख असू द्या. मुलींचा विशेष करून, कारण नोंदी बहुतेक ‘बॉइज’च्या आहेत आणि फ्रिअरटाउन उभारायला स्त्रियाही गेल्या होत्या. परिसरातल्या कोणत्याही बांधकामाआधी जुन्या वास्तूंची आणि शिळांची नोंद सक्तीची करा.

चौथी मागणी शिक्षकांना. पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहू नका. स्थानिक इतिहासाचा तास तुमच्या हातात आहे. मुलांना नकाशा द्या आणि न्यासा सरोवर, किल्वा, झांजिबार, मुंबई, नाशिक, मोम्बासा ही वाट त्यांना आखू द्या. ‘गुलामगिरी’ शिकवताना शरणपूर सांगा. काळाराम सत्याग्रह शिकवताना राबाई सांगा. मुलांना विचारा की पळून आलेल्या माणसाला आसरा द्यायचा का, हा निर्णय तुमच्यावर आला असता तर काय केलं असतं.

पाचवी मागणी शरणपूरच्या आणि नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना. तुमच्या पेटाऱ्यात जुने फोटो, पत्रं, बायबलच्या पहिल्या पानावरच्या वंशावळी असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर नोंदवून ठेवा. कोणती आठवण महत्त्वाची ठरेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

सहावी मागणी जगभरच्या मराठी माणसांना. केनियात, टांझानियात मराठी कुटुंबं आहेत. मोम्बासाला गेलात तर फ्रिअरटाउनची घंटा पाहा, राबाईचं संग्रहालय पाहा, तिथल्या लोकांशी बोला आणि नाशिकशी त्यांचा पत्रव्यवहार जोडून द्या. मॉरिशसच्या मराठी बांधवांना हे काम कसं करतात ते ठाऊक आहे. त्या बेटावर १८३५ मध्ये गुलामी संपली आणि मळ्यांसाठी करारबद्ध मजूर, म्हणजे गिरमिटिया, म्हणून भारतीयांना, त्यांत कोकणातल्या मराठी माणसांनाही, नेलं गेलं. आज गिरमिटियांचा आप्रवासी घाट आणि पळालेल्या गुलामांचा ल मॉर्न हा डोंगर, दोन्ही जागतिक वारसास्थळं आहेत. एक २००६ मध्ये झालं, दुसरं २००८ मध्ये. गुलामाची आणि गिरमिटियाची आठवण एका छोट्या बेटाला शेजारी-शेजारी सांभाळता येते. मग एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला का जमू नये?

या सगळ्यासाठी प्रचंड पैसा लागत नाही. लागतो तो आग्रह. नगरसेवकाच्या दारात पाच-दहा माणसं एकत्र गेली की फलकाचा विषय पटलावर येतो. एका प्राध्यापकाने हट्ट धरला की प्रकल्प सुरू होतो. एका पाळकाने होकार दिला की वहीची छायाचित्रं निघतात. वेनराइट आणि त्याच्या सोबत्यांनी देह वाटेतच पुरण्याचा सल्ला ऐकला नाही. विल्यम जोन्सने दार लावून घेतलं नाही. त्यांच्या इतिहासाशी आपण इमान राखायचं, तर ते असंच कामातून दिसायला हवं.

मुक्ती ही कुणी मेहरबानीने दिलेली वस्तू नसते, हे फुल्यांनी सांगितलं, बाबासाहेबांनी सांगितलं. नाशकात वाढलेल्या आफ्रिकी माणसांनी ते जगून दाखवलं. त्यांचे कागद हरवले, तर उरेल ती फक्त त्यांच्या मालकांची आणि तथाकथित तारणहारांची बाजू. तसं होऊ द्यायचं नसेल, तर या महिन्यातच सुरुवात करा. चर्चमध्ये, महाविद्यालयात, महानगरपालिकेत, वर्गात, स्वतःच्या घरातल्या पेटाऱ्यापाशी, जिथं तुमचा हात पोचतो तिथून. शरणपूर नाशिकचं आहे, आफ्रिकेचं आहे आणि माणूस म्हणून ताठ उभं राहू पाहणाऱ्या प्रत्येकाचं आहे. ते वाचवणं आपल्या हातात आहे. चला, कामाला लागू.